डुकराचा बार

ठासणीच्या बंदुकीची एक अडचण असते, आणि माझ्या मते तोच तिचा मोठा गुण: नळीत काय भरायचं ते जनावर दिसायच्या आधी ठरवावं लागतं. काडतुसाच्या बंदुकीला हा प्रश्न नाही. बंदूक मोडली, एक काडतूस काढलं, दुसरं घातलं, काम झालं. ठासणीत मात्र दिवेलागणीला भरलेला बार पहाटेपर्यंत तोच. मग रात्री मळ्यात ससा येवो, भेकर येवो, डुकरांचा कळप येवो, नाहीतर कुणाचा दावं तोडून आलेला रेडा येवो. बार बदलायचा तर एक तो काढून टाकायचा, म्हणजे सगळं रान उठवायचं, नाहीतर गजाला पेच लावून अंधारात काथ्या उपसत बसायचं. म्हणून आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, संध्याकाळी मांगराच्या दारात बंदूक उभी धरून थोडा वेळ नुसते बसायचे. आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारा दमला. ते विचार करत असायचे.

"आदी काय मारूचा नाय ता ठरव, मगे दारू वत," असं ते एकदा मला म्हणाले होते. मी तेव्हा तेरा वर्षांचा. १९६८ साल असेल. आमचा गाव आंबोलीच्या घाटाखाली, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग वेगळा व्हायला अजून बरीच वर्षं होती. भाताचे कुणगे थेट रानाला भिडलेले. हळवं भात दसऱ्याच्या आसपास घरात यायचं, पण गरवं भात कार्तिकापर्यंत शेतात उभं, आणि डुकरांचा डोळा त्याच्यावर. डुक्कर खातं त्याच्या दसपट तुडवतं. सकाळी कुणग्यात गेलं तर कुणी रात्रभर चटया अंथरून झोपल्यासारखं भात आडवं. अशी दोन रात्रींची हयगय झाली तर पुढचा पावसाळा उसनवारीवर काढायचा. बंदूक होती ती त्यासाठी. परवान्यावर शेतीसंरक्षण असंच लिहिलेलं होतं आणि आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ तेवढाच होता. हौसेने शिकार करणारे लोक वेगळे.

आता दारूचं सांगतो. हल्लीच्या मुलांना दारू म्हटलं की बाटलीच आठवते. बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, ही शाळेत शिकवतात तेवढी गोष्ट. पण दारू आणि दारूत फरक असतो हे शाळेत शिकवत नाहीत. अण्णा बेळगावहून परवान्याच्या दुकानातली दारू आणायचे. वर्षाला किती मिळणार ते परवान्यावर ठरलेलं, दुकानदार वहीत नोंद करून देणार. ती घरी आली की पहिलं काम तळहातावर चिमूटभर घेऊन चोळायची. हात काळा झाला, पीठ सुटलं, तर ती दारू कच्ची किंवा प्रवासात कुटली गेलेली. दाणा टणक, चकाकणारा आणि एकसारखा हवा. मग चिमूटभर कौलावर ठेवून पेटवायची. भस्सदिशी एकदम गेली आणि कौलावर थोडी काजळी राहिली तर ठीक. चरचरत गेली, मागे काळे मणी राहिले, तर ती दिवाळीला पोरांच्या कामाची.

दाण्याची जाडीही ते बघायचे. बारीक दाणा झटकन पेटतो, नळीच्या बुडाशी एकदम जोर करतो. जाड दाणा सावकाश पेटतो आणि गोळीला ढकलत नेतो. बारा बोरची रुंद नळी, तिच्यात जड गोळी, म्हणजे जाड दाणाच बरा. हे त्यांना कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. बहुधा त्यांच्या वडिलांनी. दारूची बाटली ते भाताच्या कणगीत पुरून ठेवायचे. आमच्याकडच्या पावसात भिंतींना शेवाळ येतं, तिथे दारूची काय कथा? पण कणगीतलं भात ओल ओढून घेतं आणि कणगी चुलीपासून लांब. आईला मात्र ही व्यवस्था कधी आवडली नाही. भात काढताना ती आधी बाटली चाचपायची आणि अण्णांच्या नावाने काहीतरी पुटपुटायची.

माप म्हशीच्या शिंगाच्या टोकाचं होतं. काठापर्यंत भरायचं, शीग नाही. छऱ्यांचा बार असला तर त्याच मापाने दारू आणि त्याच मापाने छरे, हा जुना हिशेब. दारू ओतली की नळीला दोन टिचक्या, म्हणजे दाणे खाली बसतात. मग नारळाच्या सोडणाच्या काथ्याची गुंडळी, गजाने ठासायची. मग छरे, आणि वर पुन्हा थोडा काथ्या, नुसता छरे ओघळू नयेत एवढा. गोळी असेल तर ती खोबरेलात बुडवलेल्या जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळून घट्ट खाली न्यायची. दारू आणि गोळी यांच्यामध्ये बोटभरही पोकळी राहता कामा नये. गोळी अर्ध्यात अडकली आणि बार काढला तर त्या जागी नळी फुगते, नशीब खराब असेल तर फाटते. हे ओळखायला गजावर सुरीने पाडलेले तीन काप होते. नळी रिकामी असताना गज आत सोडला की सगळ्यात वरचा काप नळीच्या तोंडाशी येतो. गोळीचा बार भरलेला असला तर मधला, छऱ्यांचा असला तर खालचा. अंधारात नखाने चाचपलं तरी नळीत काय आहे ते कळायचं. केप मात्र अगदी शेवटी, माचेवर चढून बसल्यावर.

केप फुटली आणि बार नाही निघाला, तर नळी रानाकडे तशीच धरून शंभर आकडे मोजायचे. ओल धरलेली दारू कधी कधी उशिरा पेट घेते. मी एकदा हे आकडे मोठ्याने मोजायला लागलो तेव्हा अण्णांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. डुकराला आकडे कळत नाहीत, पण आवाज कळतो.

आता खरा वादाचा विषय, छरे की गोळी. वाडीत त्या काळी चार बंदुका होत्या आणि चार मतं. बहुतेक जण मिसळ बार भरायचे: एक गोळी, तिच्यावर मूठभर छरे. म्हणजे काहीही आलं तरी काहीतरी लागणार. खालच्या वाडीतले एक गृहस्थ होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, ते ह्या मिसळीचे मोठे पुरस्कर्ते. अण्णांना ती अजिबात मान्य नव्हती. छऱ्यांचा बार वेगळा आणि डुकराचा बार वेगळा. डुकराच्या बारात एकच गोळी.

"अण्णानू, डुकार काय चिटी पाठवून येता?" मामा विचारायचे.

"नाय येना. म्हणान तर एकच भरतंय," असं अण्णांचं उत्तर. "गोळी एक, डुकार एक. लागली तर लागली, नाय तर घराक गेला."

मला तेव्हा हा नुसता हट्ट वाटायचा. नंतर कळलं, त्यात हिशेब होता. बारा बोर म्हणजे नळीच्या तोंडाची शिशाची गोळी एका रत्तलात बारा बसतात. एक गोळी सदतीस-अडतीस ग्रॅमची. तेवढंच शिसं बारीक छऱ्यांत वाटलं की प्रत्येक छऱ्याच्या वाट्याला किती जोर येणार? हलका छरा हवेतच दमतो. रानकोंबड्याला पुरतो, सशाला पुरतो. पण मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कातड्याखाली कुर्च्यासारखी चिवट ढाल असते, आपसांतल्या झुंजीत सुळे झेलायला निसर्गाने दिलेली. त्यात छरे रुतून बसतात. डुक्कर मरत नाही, चिडतं. आणि मिसळीत गोळीला चिंधी नाही, आधार नाही, वरून छऱ्यांची गर्दी, ती सरळ जाईलच कशाला?

गोळीचं शिसंही अण्णा निवडून घ्यायचे. वेंगुर्ल्याला गाबितांच्या जाळ्यांना लावायची शिसं मिळत, ती मऊ. नखाने ओरखडा उठतो. मोटारीच्या बॅटरीचं शिसं फुकट मिळायचं, तरी ते घ्यायचे नाहीत. ते कडक असतं, वितळवताना घाण धूर सोडतं आणि अण्णांच्या मते जनावरात शिरल्यावर पसरत नाही, भोक पाडून निघून जातं. मऊ शिसं हाडावर चपटं होतं आणि जनावर जागच्या जागी बसतं. लोखंडी पळीत शिसं वितळवून साच्यात ओतताना मी जवळ गेलो की ते मला वाऱ्याच्या अंगाला उभं करायचे आणि साच्यावर पाण्याचा थेंबही उडू द्यायचे नाहीत. तापल्या शिशात पाणी पडलं की ते उसळतं.

त्याच वर्षी कार्तिकात मामांच्या बाराने एक डुक्कर जखमी झालं. वीस पावलांवरून, चांदण्यात. सकाळी रक्ताचा माग करवंदीच्या जाळीपर्यंत गेला. सहा-सात माणसं, तीन कुत्रे. आमचा गडी पुढे होता. जाळीतून डुक्कर बाहेर आलं ते सरळ त्याच्यावरच. एक कुत्रा तिथेच गेला, आणि गड्याची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत उकलली. अण्णांनी गोळीने डुक्कर पाडलं, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. गड्याला घोंगडीच्या डोलीत घालून सडकेपर्यंत नेलं, तिथून लाल गाडीने सावंतवाडीला. तो वाचला. पुढे पंचवीस वर्षं आमच्याकडे होता, पण नांगराच्या मागे पुन्हा कधी चालला नाही.

डुक्कर सोलताना अण्णा स्वतः बसले. वाटे पडत होते, पोरं काळजाच्या तुकड्यासाठी घोटाळत होती, आणि हे सुरीच्या टोकाने छरे काढत होते. खांद्याच्या ढालीतून अकरा निघाले, एकही चरबीच्या पलीकडे गेलेला नाही. मामांची गोळी मागच्या फऱ्यात सापडली, नेम धरला होता तिथून हातभर मागे. ते सगळं त्यांनी केळीच्या पानावर ओळीने मांडलं आणि पान मामांच्या पुढे सरकवलं. बोलले काही नाहीत. मामा म्हणाले, "दारू ओली होती." कदाचित असेलही.

छऱ्यांविरुद्ध अण्णांचा आणखी एक आक्षेप होता, तो मला सगळ्यात पटतो. छरे भरलेले असले की माणूस आवाजावर बार काढतो. झुडूप हललं, काढ. पसरून जाणार, काहीतरी लागेल. एकच गोळी असली की आधी बघावं लागतं. डोकं कुठे, खांदा कुठे, खरंच डुक्कर आहे की गवतात वाकलेला कुणी माणूस. डुक्कर समजून माणसालाच बार लागल्याच्या बातम्या आजही वाचायला मिळतात, तेव्हा मी पहिल्यांदा हाच विचार करतो, की नळीत काय भरलं होतं? अण्णांबरोबर मी माचेवर बऱ्याच रात्री काढल्या. त्यातल्या बहुतेक रात्री बार निघालाच नाही. एकदा भेकर अगदी माचेखाली येऊन उभं राहिलं. मी त्यांचा दंड दाबला. ते कानात म्हणाले, "ह्यो बार डुकराचो. गप बसान रव." भेकराने दोन-चार ओंब्या खाल्ल्या आणि गेलं.

दुसऱ्या वर्षी बिनधुराच्या दारूचं प्रकरण झालं. घाटात शिकारीला आलेल्या कुणा पाहुण्याने मामांना आठ-दहा बारा बोरची काडतुसं देऊन टाकली होती. कागदी काडतुसं, आमच्या पावसात फुगून बसलेली, बंदुकीत शिरत नव्हती म्हणूनच तो उदार झाला असणार. मामांनी ती कापून दारू वेगळी काढली आणि त्यातली निम्मी मोठ्या मनाने अण्णांना आणून दिली. बघायला ती काळ्या दारूसारखी नव्हतीच, फिकट, बारीक चकत्या. अण्णांनी कौल मागवलं. एका बाजूला आपली चिमूट, दुसऱ्या बाजूला ती. आपली नेहमीप्रमाणे भस्सदिशी गेली, पांढऱ्या धुराचा लोट, कौल काळं. पाहुण्याची दारू पिवळ्या ज्योतीने सावकाश जळली, मेणबत्तीसारखी, धूर जवळजवळ नाही. आम्हा सगळ्यांना वाटलं, ही तर मेंगळट.

अण्णांनी मात्र कागदाची पुडी तशीच परत केली. "बघ, भायर कशी गरीब गायीसारकी जळता. नळयेत कोंडलंस की तिचो वाघ होता. माका नको ती. तू पण घालू नको."

मामांनी घातली. शिंगाच्या त्याच मापाने, काठापर्यंत. नळी बुडाशी फाटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि एका कानाने त्यांना पुढे कधी नीट ऐकू आलं नाही. त्यानंतर त्यांनी बंदुकीला हात लावला नाही, पण दरवर्षी दसऱ्याला सोडणाचा काथ्या निवडून, वळून, अण्णांकडे आणून द्यायचे. दोघांमध्ये त्या विषयावर कधी बोलणं झाल्याचं मी ऐकलं नाही.

अण्णांना हे कसं कळलं होतं, याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, तेही अमेरिकेतल्या भाच्याकडून. तो तिथे ऑफिसातल्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जातो, रीतसर परवाना काढून, आणि रायफलची काडतुसं घरीच भरतो. तिकडे हा सर्रास चालणारा छंद आहे. मागे मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने गॅरेजमधलं टेबल दाखवलं. सोनाराच्या तराजूसारखा काटा, ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा. एका ग्रॅममध्ये पंधराहून जास्त ग्रेन, म्हणजे बघा. जाडजूड पुस्तक, त्यात प्रत्येक गोळीच्या वजनासमोर कोणती दारू चालेल, कमीतकमी किती, जास्तीत जास्त किती. आपण खालच्या मापापासून सुरुवात करायची आणि थोडं थोडं वर जायचं, प्रत्येक वेळी रिकामं काडतूस तपासून. गोळ्याही तऱ्हेतऱ्हेच्या: नुसत्या तांब्याच्या, टोकाला शिसं उघडं ठेवलेल्या, आतून शिसं आणि तांबं एकजीव केलेल्या. हलक्या हरणाला एक, जाड हाडाच्या एल्कला दुसरी.

त्याने समजावलं ते असं. काळी दारू उघड्यावर असो की नळीत, साधारण आपल्याच वेगाने जाते, म्हणून ती मापाने भरली तरी चालते. थोडं कमीजास्त पोटात घेते. बिनधुराची दारू, जी १८८४ साली फ्रान्समध्ये निघाली आणि दोनच वर्षांनी तिथल्या फौजेच्या रायफलीत आली, तिचा स्वभाव उलटा. ती जितकी कोंडाल तितकी जोरात जळते, आणि जोरात जळली की आणखी दाब, दाब वाढला की आणखी जोर. म्हणून ती वजनानेच तोलायची, आणि जिच्या नावाचा तक्ता नाही ती दारू नळीत घालायची नाही. मी त्याला कौलाची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ काट्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, अण्णाआजोबांनी तक्ता न बघता बरोबर सांगितलं." मग मी विचारलं की एल्कची गोळी घालून बसलास आणि हरीण आलं तर? तो हसला. म्हणाला, काडतूस बदलतो.

आमच्याकडे १९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला. तरी पुढची काही वर्षं परवान्यावर शिकार चालायची. १९९१च्या दुरुस्तीने तेही संपलं, आणि ते योग्यच झालं असं मी म्हणेन, जरी गावात हे बोललो तर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. त्यांचंही चूक नाही. निम्मे कुणगे आज पड आहेत, त्यात रान वाढलंय, आणि रान वाढलं तशी डुकरं घराच्या परसात येतात. सुरण, कणगर, केळीचे कांदे, काही ठेवत नाहीत. वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय बार काढता येत नाही आणि डुक्कर परवानगीसाठी थांबत नाही. लोक मग तारेत वीज सोडतात. ती तार डुक्कर बघत नाही, म्हैस बघत नाही, माणूस बघत नाही. मिसळ बारसुद्धा त्याच्यापुढे बरा म्हणायचा.

अण्णा १९९४ साली गेले. परवाना माझ्या नावावर झाला. दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, हे आमच्या गावच्या बंदूकवाल्यांचं व्रत. तिथे कोपऱ्यात ठासणीच्या बंदुका लाकडाच्या मोळीसारख्या उभ्या असतात, प्रत्येकीच्या चापाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. गेल्या खेपेला एक नवा पोरगेला हवालदार होता, घाटावरचा. त्याने बंदूक हातात घेतली आणि नळीत डोकावायला गेला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, साहेब, असं डोकवायचं नसतं.

"भरलेली आहे का?"

"नाही. पण बघू द्या."

मी गज काढून नळीत सोडला. वरचा काप तोंडाशी येऊन थांबला.

"हे आणखी दोन काप कसले?" त्याने विचारलं.

मागे रांगेत आमच्याच गावचे चार जण बंदुका घेऊन उभे होते, दुपारची गाडी जायला वीस मिनिटं होती. मी त्याला म्हटलं, मधला डुकराचा.